नवऱ्याचा स्पॉन्सरशिप अर्ज नाकारला गेला: कॅनडात अपील कसं चालतं

प्रश्न थोडक्यात असा. ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या, कॅनडाच्या पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी, असलेल्या ३६ वर्षांच्या एका ताईंनी सांगलीत नोंदणी पद्धतीने दुसरं लग्न केलं. नवरा तीन वर्षांनी लहान, त्याचं पहिलंच लग्न. सासरे जुन्या सत्यशोधक विचारांचे, म्हणून भटजी नाही, हॉल नाही, चाळीस माणसांचं जेवण. नवऱ्याला कॅनडात आणण्यासाठी ताईंनी त्याला स्पॉन्सर केलं. त्याची दिल्लीत मुलाखत झाली आणि अर्ज फेटाळला: लग्न खरं वाटत नाही, कॅनडात येण्यासाठी केलेलं दिसतं. पत्र येऊन बारा दिवस झालेत. आता अपील करायचं की नवा अर्ज? अपील नवऱ्याने करायचं का? आणि एका नातेवाइकाने सुचवलंय की मूल झालं की प्रश्नच मिटेल, ते खरं का?

ताई, सगळ्यात आधी तारखेचं बघू. नकाराचं पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस दाखल व्हावी लागते. बारा गेले, अठरा राहिले. मुदत उलटली तर वाढवून मागता येते, पण उशीर का झाला हे पटवून द्यावं लागतं, आणि "माहीत नव्हतं" हे कारण फारसं टिकत नाही. नोटिशीला फी नाही. एक फॉर्म आणि सोबत नकाराचं पत्र, एवढंच लागतं. फोटो, प्रतिज्ञापत्रं, चॅट हे सगळं नंतरचं. कागद जमवत बसून मुदत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची लग्नं अगदी खरी होती. वकील ठरला नसला तरी नोटीस स्वतः भरता येते, वकील मागून जोडता येतो.

अपील तुम्ही करायचं. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्टचं कलम ६३ हा हक्क स्पॉन्सरला देतं. तुम्ही अपीलकर्त्या, नवरा तुमचा साक्षीदार. अपील जातं इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे, ज्याला इथे सगळे आयएडी म्हणतात. ज्या खात्याने नकार दिला त्याच्या हाताखाली ते येत नाही, ते स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. हा हक्क फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे जवळच्या नातेवाइकांच्या वर्गात, परदेशातून केलेल्या अर्जालाच आहे. नवरा कॅनडात असताना "इनलँड" अर्ज केला असता तर आयएडीचं दार बंद असतं, थेट फेडरल कोर्टात जावं लागलं असतं, आणि तेही १५ दिवसांत. तुमचा अर्ज दिल्लीला गेला होता, तेव्हा तुमचं दार उघडं आहे.

आता मुद्द्याचं सांगते, कारण बहुतेक जण इथेच वाट चुकतात. तुमच्या पत्रातला अर्धा मजकूर दिल्लीचा अधिकारी कसा तुसडा होता, त्याने कसं बोलू दिलं नाही, यावर आहे. तुमचा संताप मला कळतो. पण आयएडीपुढे सुनावणी नव्याने होते. मेंबर, म्हणजे निर्णय देणारी व्यक्ती, फाइल पहिल्यापासून बघते, अर्जाच्या वेळी नसलेले पुरावे घेते, अर्जानंतर घडलेलंही विचारात घेते, आणि तुम्हा दोघांना स्वतः ऐकते. तिथे अधिकाऱ्याचा न्याय होत नाही, तुमच्या लग्नाचा होतो. म्हणून तुमची सगळी ताकद एका कामाला लावा: सांगली, सातारा कधीही न पाहिलेल्या माणसाला तुमचं घर कळलं पाहिजे. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, पण "शंभर टक्के" सिद्ध करायचं नसतं. खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त आहे, एवढं मेंबरला पटावं लागतं.

याच कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम ४(१) मध्ये दोन गोष्टी आहेत. लग्न आज खरं आहे का, आणि लग्न करताना मुख्य हेतू इमिग्रेशनचा होता का. ३० सप्टेंबर २०१० पर्यंत नकारासाठी दोन्ही दोष लागायचे, त्या दिवसापासून एकही पुरतो. म्हणून "आता आमचा संसार छान चाललाय" एवढं दाखवून भागत नाही. ठरलं तेव्हा एकमेकांत काय पाहिलं, दुसरी स्थळं होती का, ती का नाकारली, कोणी मध्यस्थी केली, हेही सांगावं लागतं. "मुख्य" हा शब्द मात्र लक्षात ठेवा. कॅनडात यायला मिळणार याचा नवऱ्याला आनंद झाला होता, तर त्याने तो लपवू नये. पुण्याच्या मुलाशी लग्न ठरलं की मुलगी पुण्याला जायला मिळणार म्हणून खूश होतेच. लपवलेला आनंद संशय वाढवतो.

आणखी एक गैरसमज. अनेकांना वाटतं की लग्नाचा पुरावा कमी पडला तरी दया, मानवतेच्या आधारावर मेंबर अपील मान्य करेल. गुन्ह्याची नोंद किंवा चुकीची माहिती दिल्याचा ठपका अशा काही प्रकरणांत तो आधार खरोखर उपयोगी पडतो. पण लग्नच खरं नाही असं ठरलं तर नवरा "फॅमिली क्लास"मध्येच बसत नाही, आणि त्याच कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे तो आधार मिळत नाही. तुमच्या प्रकरणात दुसरा दोर नाही, म्हणून पहिलाच घट्ट वळायला हवा.

नोटीस दिल्यावर सरकारी बाजूकडून अपील रेकॉर्ड येईल. त्यात तुमचा मूळ अर्ज, कागद, आणि अधिकाऱ्याने संगणकावर केलेल्या मुलाखतीच्या नोंदी असतात. नकाराच्या पत्रात चार ठरीव वाक्यं असतात, खरी कारणं या नोंदींत सापडतात. तो गठ्ठा दोघांनी वेगवेगळा वाचा, पेन घेऊन.

काय सापडतं त्याचा एक नमुना देते. माझ्याकडच्या एका जोडप्याच्या नोंदींत होतं: "एंगेजमेंटची तारीख दोघांनी वेगळी सांगितली, संबंधाबद्दल शंका." मुलाला हिंदीतून विचारलं होतं, सगाई कब हुई? त्याने सुपारी फुटली त्या दिवसाची तारीख दिली, कारण त्यांच्या घरात लग्न ठरलं ते त्या दिवशी. मुलीने अर्जात लिहिली होती साखरपुड्याची, अंगठ्या घातल्या ती. दोघंही खरं बोलत होते, मध्ये साडेतीन आठवडे होते. आम्ही काय केलं? सुपारी फोडण्याच्या दिवशीचा फोटो, त्या दिवशी मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला निरोप, साखरपुड्याच्या साड्यांचं बिल, आणि मुलाच्या आईचं प्रतिज्ञापत्र, ज्यात दोन्ही प्रसंगांत काय फरक असतो ते तिने तिच्या शब्दांत सांगितलं. मेंबरने त्यावर दोनच प्रश्न विचारले आणि पुढे गेले.

तुमच्या बाबतीतही मुलाखत हिंदीत झाली असं तुम्ही लिहिलंय. नवऱ्याला विचारा, त्याने नेमके कोणते शब्द वापरले. आपल्याकडे "आमची ओळख मार्चमधली" म्हणजे स्थळ कळलं तेव्हाची, बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हाची, की पहिल्यांदा दोघंच फोनवर बोलले तेव्हाची? तिन्ही तारखा एका कागदावर आणा.

आता तुमच्यावरचे आक्षेप. पहिला घाईचा. तुमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालंय, आणि त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. ती नोटीस ज्या दिवशी दिली त्याचा कागद विवाह निबंधकांच्या कार्यालयातून मिळवा. रातोरात उरकलेलं लग्न नव्हतं, हे त्या एका कागदावरून दिसतं, आणि दिल्लीच्या फाइलमध्ये तो लावलेलाच नव्हता असं तुमच्या यादीवरून दिसतंय.

दुसरा आक्षेप: विधी नाहीत, माणसं कमी, मेंदी, वरात काही नाही. इथे मला मनापासून वाईट वाटतं. भारतीय लग्न म्हणजे काय याची इथल्या फाइलींमधली कल्पना बरीचशी पंजाबी लग्नांवरून घडलेली आहे, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, कारण कामाचा मोठा भाग तिथून येतो. त्या चित्रात महाराष्ट्रातलं साधं लग्न बसत नाही. बौद्ध पद्धतीचं पांढऱ्या कपड्यांतलं, त्रिशरण पंचशीलाचं लग्न बसत नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हापासून भटजीशिवाय लग्न लावण्याची आपल्याकडे परंपरा आहे, हे दिल्लीतल्या टेबलावर कोणाला माहीत असेल? ते तुम्हीच सांगायचं. पण इतिहासाचं व्याख्यान देऊन नव्हे. तुम्ही लिहिलंय की मोठ्या नणंदेचं लग्नही असंच झालं. तिचं लग्नाचं प्रमाणपत्र, त्या दिवसाचे फोटो, आणि सासऱ्यांचं दोन पानी प्रतिज्ञापत्र: आमच्या घरात लग्नं अशीच होतात, का होतात, कधीपासून होतात. नणंदेला कॅनडाला जायचं नव्हतं ना? मग तिचं लग्न साधं का होतं? या प्रश्नाचं उत्तर मेंबरला आपोआप मिळेल.

तिसरा आक्षेप घटस्फोटाचा आणि वयाचा. नवऱ्याला विचारलं, पत्नीचं पहिलं लग्न का मोडलं, आणि तो म्हणाला, "ते त्यांचं खासगी आहे." सांगलीच्या घरात हे उत्तर सभ्यपणाचं ठरेल. नोंदीत ते "अर्जदाराला पत्नीच्या भूतकाळाची माहिती नाही" असं उतरलं असणार. त्याला माहिती आहे हे तुम्ही मला सांगितलंय. मग सुनावणीत त्याने सांगायला हवं, संकोच बाजूला ठेवून, त्याच्या भाषेत. आणि वय व घटस्फोट असूनही त्याच्या आईवडिलांनी होकार कसा दिला, घरात विरोध झाला का, कोणी समजूत काढली, हे खरं खरं सांगा. विरोध झाला असेल तर तो सांगितल्याने नुकसान होत नाही. सगळे लगेच आनंदाने तयार झाले, असं ऐकलं की अनुभवी मेंबर मान वर करून बघतो.

याच्याशी जोडलेली एक बारीक गोष्ट, तुमच्या पत्रातच सापडली. तुमच्या पासपोर्टवर आणि पीआर कार्डवर मधलं नाव अजून पहिल्या नवऱ्याचं आहे. मुलाखतीत "पत्नीचं पूर्ण नाव?" या प्रश्नाला नवऱ्याने तुमच्या वडिलांचं नाव मध्ये घालून उत्तर दिलं, कारण घरात तुम्ही तेच लावता. अधिकाऱ्याने लिहिलं असणार, पत्नीचं नाव माहीत नाही. आपल्याकडे बाईचं मधलं नाव बापाकडून नवऱ्याकडे जातं, कधी लग्नात पहिलं नावही बदलतं, आणि घटस्फोटानंतर कागद वर्षानुवर्षं तसेच राहतात. तुमच्या प्रतिज्ञापत्रात यावर एक परिच्छेद हवा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे तिन्ही नावं ओळीने दिसतील.

चौथा: नवऱ्याचा पूर्वी स्टडी परमिट नाकारला गेला होता. म्हणजे कॅनडाची इच्छा आधीपासूनची, हा त्यांचा तर्क. नाकारू नका. तो अर्ज तुमच्या स्थळाच्या किती आधी होता, नंतर त्याने काय नोकरी धरली, कॅनडाचा विचार सोडला होता का, पगाराच्या स्लिपांसह दाखवा. तो अर्ज एखाद्या एजंटने भरला असेल तर त्यात काय जोडलं होतं ते आत्ताच तपासा. खोटा कागद निघाला तर चुकीच्या माहितीचा वेगळा ठपका येऊ शकतो, आणि त्याची बंदी पाच वर्षांची असते. मला सुनावणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

पुराव्यांबद्दल. व्हॉट्सॲपची दोन हजार पानं छापून पाठवू नका, कोणी वाचत नाही. प्रत्येक महिन्यातले दोन-तीन दिवस निवडा, आणि त्यात सणावाराच्या शुभेच्छांपेक्षा खरं जगणं दिसू द्या: सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चर्चा, तुमच्या नाइट शिफ्टवरून झालेलं भांडण, घराच्या हप्त्याचा हिशेब. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर आणि भाषांतरकाराचं लेखी निवेदन जोडावं लागतं. रोमन लिपीत टाइप केलेली मराठीही मराठीच, तिचंही भाषांतर हवं. नवऱ्याच्या पीएफला, विम्याला नॉमिनी कोण आहे? तुमच्या कामाच्या ठिकाणच्या बेनिफिट प्लॅनमध्ये त्याचं नाव आहे का? पैसे पाठवल्याच्या पावत्या तुमच्याकडे जवळजवळ नाहीत, कारण "बायकोचे पैसे घ्यायचे नाहीत" असं त्याचं म्हणणं. हेच तो स्वतःच्या तोंडाने सांगू दे.

आणि टॅक्स. लग्नानंतरच्या रिटर्नमध्ये तुम्ही "विवाहित" लिहिलंय का? वैवाहिक स्थिती बदलली की पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सीआरएला, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याला, कळवायचं असतं. अकाउंटंटने सवयीने "घटस्फोटित" ठेवलं असेल तर सरकारी बाजूचा प्रतिनिधी, म्हणजे बॉर्डर सर्व्हिसेसचा हिअरिंग ऑफिसर, नेमकं त्यावर बोट ठेवतो. आज उघडून बघा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या.

मूल होऊ देण्याच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. पुरावा म्हणून मूल होऊ देऊ नका. २०१० साली फेडरल कोर्टाने एका निकालात म्हटलं होतं की मूल असलेल्या कुटुंबात लग्नाच्या खरेपणाचा निर्णय फार काळजीने घ्यायला हवा, कारण चूक झाली तर घराची वाताहत होते. ते योग्यच आहे. पण मूल असूनही अपिलं फेटाळली जातात, आणि मग एकटी आई ब्रॅम्प्टनमध्ये आणि बाप सांगलीत. तुम्हा दोघांना हवं असेल तेव्हा होऊ द्या.

भारतात जाऊन या, जरूर जा. नकारानंतरही जाणं-येणं चालू आहे हे महत्त्वाचं आहे. पण नोकरी सोडून वर्षभर सांगलीला राहू नका. तुम्ही नागरिक नाही, पीआर आहात, आणि पीआरला कॅनडात राहूनच स्पॉन्सर करता येतं. नवऱ्याच्या व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करायला बंदी नाही, पण या नकारानंतर तो मिळणं अवघड असतं, आणि अर्जात स्पॉन्सरशिप व अपिलाची माहिती लपवायची नाही.

अपील की नवा अर्ज? एखादा कागद राहिला, फॉर्म चुकला, अशा कारणाने नकार असता तर मी नवा अर्ज सुचवला असता, तो लवकर होतो. पण तुमच्यावर थेट लग्नाच्या खरेपणाचा ठपका आहे, आणि नवा अर्ज पुन्हा त्याच नोंदी असलेल्या फाइलला चिकटून जाईल. मी अपीलच करीन. अपील चालू असताना त्याच माणसासाठी दुसरा स्पॉन्सरशिप अर्ज करता येत नाही, हेही ध्यानात घ्या. आणि एकदा अपील हरलं की त्याच मुद्द्यावर पुन्हा लढताना आधीचा निकाल आडवा येतो, निर्णायक असं काहीतरी नवीन दाखवावं लागतं. म्हणून अर्ध्या तयारीने उभं राहायचं नाही. हरल्यावर फेडरल कोर्टाची परवानगी १५ दिवसांत मागता येते, पण ते कोर्ट साक्ष नव्याने ऐकत नाही.

सगळीच प्रकरणं सुनावणीपर्यंत जात नाहीत. कागद नीट लावून वेळेवर दिले तर काही वेळा आधीच बैठक होते, आणि सरकारी बाजूचं समाधान झालं तर संमतीने अपील मान्य होतं. तुमच्या फाइलमध्ये तशी शक्यता मला दिसते, कारण बहुतेक आक्षेपांना कागदी उत्तर आहे.

सुनावणी झालीच तर ती बहुधा व्हिडिओवर असेल. आधी तुमची साक्ष, त्या वेळी नवरा ऐकत नसतो, मग त्याची. टोरंटोत सकाळचे नऊ म्हणजे सांगलीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्याने एका खोलीत, दार लावून, एकट्याने बसायचं. चहा घेऊन आई आत आली तरी मेंबर विचारतो, खोलीत कोण आहे. इन्व्हर्टर आणि दुसरं सिमकार्ड तयार ठेवा.

उत्तरं पाठ करू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जोडप्याला त्यांच्या नातेवाइकांनी ऐंशी प्रश्नांची यादी दिली होती. दोघांनीही "आमचे स्वभाव एकमेकांना पूरक आहेत" हे वाक्य शब्दाला शब्द तेच म्हटलं. माझ्या समोर त्यांचं खरं लग्न खोटं ठरलं. तेव्हापासून मी तयारी म्हणून एकच गोष्ट करून घेते: प्रत्येकाने आपापल्या आठवणी स्वतंत्रपणे लिहून काढायच्या, आणि फाइलमधले कागद वाचायचे. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं. "असेल बहुतेक" असं आपण विनयाने म्हणतो, भाषांतरात तो अंदाज होतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगायचं.

अपील मान्य झालं म्हणजे लगेच व्हिसा असं नाही. फाइल व्हिसा ऑफिसकडे परत जाते, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सची मुदत संपलेली असेल तर ते पुन्हा करावं लागतं. पण लग्न खरं की खोटं हा प्रश्न तिथे पुन्हा उकरला जात नाही.

पैसे देऊन कोणाला नेमणार असाल तर वकील घ्या, किंवा असा इमिग्रेशन कन्सल्टंट, ज्याच्याकडे बोर्डापुढे उभं राहण्याच्या वेगळ्या वर्गाचा परवाना आहे. साध्या परवान्याचा कन्सल्टंट फॉर्म भरू शकतो, आयएडीपुढे तुमची बाजू मांडू शकत नाही. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव तपासून मगच सही करा.

नोटीस या शनिवारी-रविवारी भरून टाका. दुभाषा बोर्ड देतं, त्याचा खर्च तुमच्यावर नाही. फॉर्ममध्ये भाषेचा रकाना आहे, तिथे हिंदी लिहू नका. मराठी लिहा.